पेन्शनमधली कपात वेळेवर थांबवा

महोदय,
निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा हिस्सा विकून एकरकमी पैसे घेता येतात. त्यापोटी होणारी मासिक कपात 15 वर्षांनी थांबून पूर्ण पेन्शन सुरू व्हायला हवी. आमच्या नगरपरिषदेत मात्र त्यासाठी पेन्शनरालाच अर्ज घेऊन लेखा विभागात खेटे घालावे लागतात. एका निवृत्त सफाई कामगाराला ‘तुमचं सेवापुस्तक सापडत नाही’ असं उत्तर मिळालं. दरमहा पैसे कापायला बरं ते लागत नाही! नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आम्ही काठी टेकत हजर होतो. चुकलो तर पेन्शन अडते. मग 15 वर्षं पूर्ण झालेल्यांची यादी नगरपरिषदेने स्वतःहून सूचना फलकावर लावावी आणि जादा कापलेली रक्कम परत द्यावी.
— एक निवृत्त लिपिक