वारा फिरेपर्यंत

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर,
नवी मुंबई

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू विचारलंस, "ऊन पडलंय ना तिकडे? मग अडलंय कुठे?" मला धड सांगता आलं नाही आणि तुझा उतरलेला आवाज मात्र नीट ऐकू आला. तू रजा टाकून, सामान बांधून जयगडला आपल्या शिडाच्या बोटीवर चढायच्या तयारीत आणि आम्ही ती घेऊन अजून इथेच खाडीत नांगर टाकून. म्हणून आज बसून सगळं सविस्तर लिहितोय.

ऊन आहे, अगदी लख्ख आहे. खाडीचं पाणीही सपाट आहे. पण खाडी शांत आहे ती आत दडलेली आहे म्हणून. बाहेरच्या लाटेला इथवर यायचं तर मुंबई बेटाला वळसा घालून, घारापुरी आणि न्हाव्याला चुकवून यावं लागतं. येईपर्यंत तिच्यात काही उरत नाही. इथलं पाणी बघून बाहेरचा अंदाज करणं म्हणजे घरात बसून रस्त्यावरची गर्दी सांगण्यासारखं आहे.

बाहेर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर लांब, पण हळूहळू उत्तरेकडे सरकतंय. आपल्याकडे अशा क्षेत्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. ते पश्चिमेला असलं की कोकणपट्टीवर वारा दक्षिणेचा लागतो आणि आम्हाला जायचंय नेमकं दक्षिणेला. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. पंचेचाळीस अंश इकडे, पंचेचाळीस अंश तिकडे असं नागमोडी जायचं म्हटलं की अंतर जवळजवळ दीडपट होतं. तुला माहीतच आहे, एरवी पावसाळा सरल्यावर आपला किनारा शिडाला किती सोयीचा असतो! पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बंदर सोडायचं आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा आला की तो पाठीवर घेऊन पुढचं बंदर गाठायचं. आपला सगळा बेत त्याच्यावरच तर आखला होता. सध्या तो क्रमच मोडलाय.

तरी नुसत्या वाऱ्याचा प्रश्न असता तर इंजिनावर रेटलं असतं. खरी भीती लाटेची आहे. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा अंदाज मी रोज सकाळी बघतो. त्यात लाटेच्या उंचीपेक्षा माझं लक्ष दोन लाटांमधल्या सेकंदांवर असतं. जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट पाच-सहा सेकंदांची असते. लांबच्या वादळातून आलेली बारा-चौदा सेकंदांची. भर समुद्रात ही लांब लाट बोटीला अलगद उचलते नि ठेवते, त्रास देत नाही. पण पाणी उथळ झालं की ती वर चढते, आणि खोली तिच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट उरली की फुटते. आता आपल्या कोकणातल्या खाड्यांची तोंडं आठव. बाणकोट घे, आंजर्ले घे, वाळूचा दांडा आडवा पडलेलाच. त्यातून सुकती लागलेली असेल, म्हणजे ओहोटीने खाडीचं पाणी बाहेर आणि लाट आत, तर त्या तोंडातून बोट नेणं हा वेडेपणा आहे.

दिघीपर्यंत मी डोळे झाकून येईन, तिथली राजपुरीची खाडी रुंद आहे. पण दिघी ते जयगड साठेक सागरी मैल, आमच्या वेगाने दहा-बारा तास, आणि मध्ये भरवशाचा आसरा नाही. हर्णैला सुवर्णदुर्गाची आड आहे खरी, पण वाईट हवेत हर्णैच्याच बोटी बंदर सोडून आंजर्ल्याच्या खाडीत नाही तर जयगडला पळतात, हे तू माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असशील.

परवा भाचा फार पेटला होता. "मामा, इंजिन लावू आणि निघू." शेजारी डोल जाळं दुरुस्त करत बसलेल्या तांडेलकाकांनी मान वर न करता विचारलं, "हर्णैला शिरता नाय आलं, तर कुठं जाशील?" भाच्याने नकाशा काढला, बराच वेळ बघितला आणि घडी घालून ठेवून दिला. त्यानंतर त्याने निघायचा विषय काढलेला नाही. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

तुला क्यार आठवतंय ना, ऑक्टोबर २०१९? ते वादळ आपल्या किनाऱ्यावर आलंच नाही, ओमानच्या दिशेला गेलं. तरी देवगड-मालवणला समुद्र वर चढला होता. आणि नोव्हेंबर २००९ मधलं फयान? ८ तारखेला ते अरबी समुद्रात उतरलं आणि ११ ला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येऊन धडकलं. मधल्या तीन दिवसांत ज्यांना बंदर गाठता आलं नाही, त्यांच्या घरची माणसं तुझ्या रत्नागिरीत आजही आहेत. त्यांच्या अंगणात बसून आलेल्या आपल्यासारख्यांनी "रजा संपतेय" म्हणून बोट बाहेर काढावी, हे मला पटत नाही.

बंदरांवर तीन नंबरचा बावटा लागलाय. हल्ली ही बातमी आधी मोबाईलवर येते, पण कोळीवाड्यात अजूनही सगळे बावट्याच्या नंबरातच बोलतात. एक-दोन नंबर म्हणजे वादळी हवा लांब समुद्रात; तीन म्हणजे खुद्द बंदरालाही झोडपण्याची शक्यता. तो उतरल्याशिवाय मी नांगर उचलणार नाही.

आमची काळजी करू नकोस. दिवस कामात जातात. डोलकाठीच्या तारा तपासल्या, शिडाची उसवलेली शिवण घातली, पंप उघडून साफ केला. उधाणाला इथे पाणी चार मीटरच्या वर चढ-उतार करतं, त्यामुळे रात्री उठून नांगराचा दोर बघावा लागतो. काकूंनी निवट्यांचं कालवण पाठवलं होतं. चिखलातला हा मासा मी आधी कधी खाल्ला नव्हता, आता सोडवत नाही.

एक सांगतो. दिलीप दोंदे 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन एकट्याने जगप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये मुंबईत परतले, तेव्हापासून हे खूळ आपल्या डोक्यात आहे. ते वाटेत चार बंदरांत थांबले होते: फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन. त्यांच्यासारखा दर्यावर्दी थांबतो, तिथे आपण दिवाळ्याला थांबलो तर त्यात कमीपणा कसला?

आता कामाचं. रजा पुढे ढकलता आली तर ढकल. नसेल जमत तर जयगडचा हट्ट सोड आणि शनिवार-रविवार धरून विजयदुर्गला चढ. तिथे आत शिरायला खोली भरपूर आहे. तिथून मालवण एका दिवसाचं. बोटीवर जागा तुझीच आहे, दुसऱ्या कुणाला घेतलेलं नाही. येताना कुळथाचं पीठ आणि कोकमाचं आगळ आण, इथलं संपत आलंय. वारा वायव्येकडे फिरला की भरती बघून निघू, बहुतेक पहाटेच. तेव्हा फोन करीन, उचल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच