पुरुमेत भरले, शाळेची चावी कोणाकडे?

महोदय,

मिरग तोंडावर आला. आमच्या घरचे पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झाले आहे. उकडे तांदूळ, सोले, मिरच्या, सुके बांगडे, सुंगटे डब्यांत गेली, मागच्या पडवीत कोरडी लाकडे रचली, गोठ्यावर नवी ताडपत्री चढली. पावसाची तयारी कशी करावी हे गोमंतकीयाला शिकवावे लागत नाही. पण ही सगळी तयारी उंबऱ्याच्या आतली. पाणी उंबऱ्याशी आले की काय करायचे, हे आमच्या वाड्यावर कोणालाच ठाऊक नाही. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या इतर वाड्यांवर काही वेगळे असेल असे मला वाटत नाही.

२३ जुलै २०२१ ची पहाट आम्ही विसरलेलो नाही. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे तेव्हा खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते. आमच्याकडे म्हादई नदी दारातून आली नाही. आधी न्हाणीच्या मोरीतून पाणी उलटे वर आले, त्यावर शेणाचा फेस. अर्ध्या तासात चुलीतली राख तरंगू लागली. आईला चालता येत नाही. धाकट्या भावाने तिला पाठुंगळी घेतले आणि शाळेकडे निघाला, कारण पंचायतीच्या फलकावर ‘आपत्कालीन निवारा’ म्हणून शाळेचे नाव रंगवलेले होते. शाळेला कुलूप. चावी ज्यांच्याकडे, ते नदीपलीकडे राहणारे. शेवटी कुलूप धोंड्याने फोडले. पुढे पंचनाम्याला माणसे आली, भिजलेल्या तांदळाची पोती मोजून गेली. कुलूप कोणी फोडले याची विचारणा मात्र दोनदा झाली.

बाबा तेव्हाही गोठ्यातच होते. दोन गाई आणि एक पाडी. “ह्यांना सोडून मी कुठे येऊ?” एवढेच म्हणत राहिले. शेजारच्या काकांनी कोयत्याने दावी कापली, गुरे टेकाडाकडे धावली, तेव्हा कुठे बाबा बाहेर पडले.

इशारा नव्हता म्हणावे तर तसे नाही. त्या आठवड्यात पावसाचे इशारे येतच होते. हल्ली तर मोबाईल आपणहून कर्कश वाजतो. पण ऑरेंज अलर्ट लागला की आमच्याकडे एकच प्रश्न निघतो, उद्या शाळेला सुटी आहे का? पणजीत निघालेला इशारा आमच्या वाड्यापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. पुढे कोणी कोणाचे दार ठोठवायचे, ते ठरलेले नसते.

बांगलादेशाने नेमके हेच ठरवले. १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान ३ लाख माणसे दगावली. त्यानंतर रेड क्रेसेंटच्या (तिथल्या रेड क्रॉसच्या) साथीने त्यांनी गावोगाव स्वयंसेवक उभे केले. आज ते ७० हजारांच्या वर आहेत आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत. धोका वाढेल तसे झेंडे वाढवायचे, भोंगा घेऊन घरोघर फिरायचे, म्हाताऱ्यांना उचलून न्यायचे, हे त्यांचे काम. गुरांपायी माणसे घर सोडत नाहीत हे ओळखून त्यांनी गुरांसाठी मातीचे उंच चौथरे बांधले. त्यांना तिथे ‘किल्ला’ म्हणतात. हे वाचले तेव्हा मला बाबा आठवले. हे एका दिवसात झालेले नाही; १९९१ च्या वादळातही तिथे सव्वा लाखाहून जास्त माणसे गेली. पण २०२० च्या अम्फान वादळापूर्वी त्यांनी २० लाखांहून अधिक लोक हलवले आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला. एवढ्या लांब तरी कशाला जायचे? ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे मेली. २०१३ च्या फायलिन वादळाच्या वेळी जवळजवळ १० लाख लोक आधीच हलवले होते. मृत्यू पन्नासच्या आत राहिले. ही दोन्ही काही श्रीमंत मुलखे नव्हेत. दरडोई उत्पन्नात देशात वर असलेल्या गोव्याने पैशाची सबब सांगू नये.

आपल्यावर असे काही येत नाही, ही समजूत तर मुळीच नको. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात २ ऑक्टोबर २००९ रोजी, पाऊस संपला म्हणून लोक निर्धास्त असताना, काही तासांत डोंगर खचले आणि घरे गेली. तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये समुद्रातूनच पुढे जाऊन गुजरातेत धडकले, तरी आपल्याकडे कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती. डोंगरकापणी आणि शेतांतले भराव यांवर या सदरात पुष्कळ लिहून आले आहे, मी भर घालत नाही.

जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात गोवा होता. निवारे, भूमिगत वीजवाहिन्या, भोंगे ही कामे हवीतच. पण चावी कोणाकडे, हे ठरवायला कुठले कर्ज लागत नाही. मिरगाआधीच्या ग्रामसभेत प्रत्येक प्रभागाने अंथरुणाला खिळलेल्यांची, गरोदर बायकांची, एकट्या राहणाऱ्यांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावे लिहावीत. गुरांची जागा ठरवावी. एक दिवस हे सगळे खरोखर करून पाहावे, तेही पावसात. उन्हातली तालीम म्हणजे फोटोपुरती. मामलेदार कार्यालयाने एवढेच विचारावे की तालीम झाली का. कोरा आराखडा मागवून फाईलला लावू नये.

आमच्या वाड्यापुरते आम्ही गेल्या महिन्यात देवळात बसलो. आईसाठी दोन पोरगे ठरले. गुरांसाठी टेकाडावरचा माळ ठरला. तिथल्या कुंपणावरून दोन घरांत थोडी बाचाबाची झाली, ती अजून मिटायची आहे. शाळेची एक जादा चावी वाड्यावर ठेवू द्यावी म्हणून लेखी अर्ज दिला आहे. त्याला तीन आठवडे झाले.

– एक वाचक, सत्तरी