वर्गणी नको, दहा फूट जागा द्या

नमस्कार. समितीची माणसं जिना चढताना दिसली की काही दारं आतून बंद होतात, हे गणपतीच्या दिवसांतल्या अनुभवावरून आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, पावतीपुस्तक आणलेलं नाही. काम फुटपाथचं आहे.

पुण्यातल्या पौड रस्त्यालगतच्या काही सोसायट्यांची मिळून आमची समिती आहे. ६ मार्च २०२२ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली आणि स्टेशनपासून घरापर्यंतच्या शेवटच्या तुकड्याचं काय, हा प्रश्न उभा राहिला. भाड्याच्या विजेच्या स्कूटर त्यासाठी सोयीच्या आहेत, यात वाद नाही. मोबाइलवर कोड स्कॅन करायचा, बसायचं, उतरायचं. २५०पेक्षा कमी वॉटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या गाड्यांना लायसन्सही लागत नाही. आमच्यातल्या दोघातिघांची मुलं त्यावरूनच कॉलेजात जातात. तेव्हा ‘या गाड्या हटवा’ असं आमचं म्हणणं नाही.

अडचण उतरल्यानंतर सुरू होते. जिथे राइड संपली तिथे गाडी उभी. कधी मेट्रोच्या लिफ्टसमोर, कधी रॅम्पच्या तोंडाशी, कधी बसथांब्यावर. बऱ्याचदा ती त्या पिवळ्या खडबडीत फरश्यांवरच असते. त्या फरश्या शोभेसाठी आहेत असं अजून कितीतरी जणांना वाटतं. दृष्टिहीन माणूस पायाने आणि काठीने त्या वाचत चालतो. आमच्या समितीतले एक काका पांढरी काठी वापरतात. त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. काठी जमिनीलगत फिरते, ती स्कूटरच्या दोन चाकांमधून आरपार निघून जाते. वाट मोकळी आहे असं वाटून पुढे पाऊल टाकलं की हँडल थेट बरगडीत. एकदा असे पडले, तर त्यांना उठवायला धावलेल्या बाईंनी आधी स्कूटर सरळ केली, असं ते हसत सांगतात.

बरं, गाडी बाजूला करावी म्हटलं तर चाक लॉक असतं. ढकलली तर सरकत नाही, उचलावी तर आमच्या वयाला झेपत नाही, आणि जरा हलवली की बऱ्याच गाड्या चोर पकडल्यासारख्या कोकलतात. पुणेरी उपायही चालत नाहीत. ‘येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल’ या पाटीने आजवर आपलं काम चोख केलं, पण इथे हवा कुणाची सोडणार? लावणारा केव्हाच निघून गेला, गाडी कंपनीची, आणि पुढचं गिऱ्हाईक बिचारं निरपराध. ॲपवर तक्रार करता येते, आम्ही करतोही. पण जीपीएसला दोन-चार मीटरचा फरक कळत नाही. गाडी फुटपाथच्या मधोमध आहे की कडेला, हे त्याच्या लेखी एकच. ते फक्त लावणाऱ्याला दिसतं.

बहुतेक लोक मुद्दाम आडवी लावत नाहीत, असं आमचं मत झालंय. पी-वन, पी-टूची पाटी वाचून आज सम तारीख की विषम हे आठवणारं आपलं गाव. या गाड्यांसाठी मात्र बऱ्याच ठिकाणी जागाच आखलेली नाही. जागा दिसली तर माणूस तिथे लावतो.

म्हणून मागणं असं. प्रत्येक सोसायटीने गेटशेजारची, फुटपाथच्या आतली, स्वतःच्या हद्दीतली दहा फूट लांब आणि साडेसहा फूट खोल जागा द्यावी. तेवढ्यात तीन स्कूटर नीट बसतात. आखलेल्या जागा कंपन्यांना कळवून ॲपच्या नकाशात घालायला सांगण्याची जबाबदारी आमची. रस्त्यावरच्या चौकोनांसाठी क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि वाहतूक पोलिसांकडे अर्ज दिला आहे. एका मोटारीच्या जागेत पाच स्कूटर मावतात, एवढंच त्यात म्हटलंय. परवानगी येईपर्यंत रस्त्यावर एक रेघही मारणार नाही.

सामान लागेल ते असं: पांढरा ऑइल पेंट, रोलर, सुतळी, मोजायची टेप आणि फक्कीची पोती. घरात रंगकामातून उरलेला डबा असेल तर झाकण उघडून आधी बघा, गेल्या खेपेला तीन डबे दगड झालेले निघाले. दुकानदारांनी रंग दिला तर उत्तम. रोख रक्कम मात्र कुणाकडूनही घेणार नाही, हिशेबाची भांडणं आम्हाला नकोत.

माणसंही हवीत. सकाळी आठ ते दहा स्टेशनच्या जिन्याखाली दोघांनी उभं राहायचं. ओरडायचं नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. ‘दादा, जरा त्या कडेला घेता का’ एवढंच, राइड संपवायच्या आधी. संपवल्यावर चाक लॉक होतं, मग उपयोग नाही. याच स्कूटर घेऊन डिलिव्हरी करणारी मुलं दिसली तर त्यांच्याशी जरा सांभाळून बोला. त्यांचा एकेक मिनिट मोजला जातो, आणि ऑर्डरची वाट बघत बसायला त्यांना सावलीसुद्धा कुणी दिलेली नाही.

हे आत्ताच का? डिसेंबर २०१७मध्ये विद्यापीठात आणि औंधात भाड्याच्या सायकली आल्या तेव्हा आपण किती कौतुक केलं होतं. पुढे त्यांची मोडतोड झाली, आणि एक दिवस त्या दिसेनाशा झाल्या. पॅरिसमध्ये उभ्याने चालवायच्या भाड्याच्या स्कूटरवर एप्रिल २०२३मध्ये मतदान झालं. आठ टक्केही मतदार आले नाहीत, पण आलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्क्यांनी ‘नको’ म्हटलं आणि त्या बंद झाल्या. वैतागलेली माणसं मत द्यायला आवर्जून जातात, सोय वापरणारी घरी बसतात. आपल्याकडे ती वेळ यायला नको. त्या पोरांचं कॉलेज आणि काकांची वाट, दोन्ही आम्हाला हवं आहे.

पहिली आखणी येत्या रविवारी सकाळी सात वाजता, आयडियल कॉलनी स्टेशनच्या जिन्याखाली जमून. जुने कपडे घालून या, चहा आमच्याकडे. जागा द्यायची असेल तर सोसायटीच्या चेअरमनांचं दोन ओळींचं पत्र बरोबर आणा. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी सुतळीचं एक टोक धरायला यावं, दुसरं काका धरणार आहेत.