आधी ब्रेक, मग इंजिन

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या अमेरिकन मोटारींविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख इथे मिशिगनमध्ये वाचला. जुन्या गाडीत मूळचा सोडून दुसरा स्क्रू बसवणे हीदेखील तिची विटंबना आहे, असा त्या लेखाचा एकंदर सूर आहे. गेली अकरा वर्षे माझ्याकडे 1965 सालचा फोर्ड एफ-100 पिकअप आहे आणि त्यात मी बरेच बदल केले आहेत, त्यामुळे या आरोपातला एक आरोपी म्हणून माझी बाजू मांडण्याची परवानगी असावी.

माझा पिकअप आला तेव्हा कारखान्यातून निघाला तसाच होता. सहा सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तीन गिअरचा खटका, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्या चौघांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर नळ्यांतल्या ब्रेक ऑइलवर दाब म्हणून चढवणारा पंप. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, म्हणजे माणसे बसतात त्या केबिनच्या आतच होती. फोर्डने ही रचना 1972 च्या मॉडेलपर्यंत चालू ठेवली होती. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे दार उघडले की पेट्रोलचा दर्प नाकात शिरे, आणि मूळपणाचे भोक्ते असलेले माझे शेजारी त्याला ‘त्या काळाचा सुगंध’ म्हणत. पाठीशी साठ-सत्तर लिटर पेट्रोल घेऊन हमरस्त्यावर जाताना मला मात्र त्यात काव्य दिसले नाही.

गाडी घेतल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात एका चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे त्या ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक आवळणारा भाग, गळू लागला. सिग्नलजवळ येताना पेडल दाबले, ते थेट तळाला जाऊन बसले. सगळी चाके एकाच नळीच्या भरवशावर असल्यामुळे एका ठिकाणची गळती चारही ब्रेक घेऊन गेली. गिअर खाली टाकून आणि पार्किंग ब्रेकचा आधार घेऊन गाडी कशीबशी थांबली. पुढे कोणी नव्हते हे नशीब. विशेष म्हणजे दोनच आठवड्यांपूर्वी एका गॅरेजने हे ब्रेक ‘अगदी मूळ स्थितीत’ असल्याची पावती दिली होती, आणि ती पावती खोटी नव्हती, हीच खरी अडचण आहे.

पुढच्या चाकांचे आणि मागच्या चाकांचे ब्रेक वेगळ्या मार्गांनी चालवणारा दुहेरी मास्टर सिलिंडर ही काही अलीकडची चैन नव्हे. अमेरिकेत 1966 साली वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1968 पासून नव्या प्रवासी मोटारींना दुहेरी ब्रेक, सीटबेल्ट आणि धडकेत चालकाच्या छातीत न घुसता दबणारा स्टिअरिंगचा दांडा सक्तीचा झाला. म्हणजे आपण ज्यांना मूळ रूपात जपू पाहतो, त्यांपैकी बहुतेक गाड्या या सुधारणांच्या अगोदरच्या आहेत.

माझ्या पिकअपमध्ये आता पुढे डिस्क ब्रेक, दुहेरी मास्टर सिलिंडर आणि तीन जागी अडकणारे सीटबेल्ट आहेत. पेट्रोलची टाकी मागच्या हौद्याखाली, चासीच्या दोन दांड्यांमध्ये गेली आहे. यातले ब्रेकचे काम वरवर सोपे दिसते, पण तसे ते नाही. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब टिकवून धरणारी एक झडप असते. ती डिस्कच्या वाटेवर तशीच राहिली तर पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापते. मागच्या ड्रमकडे जाणारा दाब आवरणारा व्हॉल्व्ह नीट जुळवला नाही, तर जोरात ब्रेक मारताच रिकाम्या पिकअपची मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी शेपटी फिरवते. हौद्यात माल नसला की मागच्या चाकांवर वजन असतेच किती! बाजारात मिळणारा संच आणून चार बोल्ट आवळले की झाले, असे समजणाऱ्यांना हे रस्त्यावर कळते.

लेखकाचा राग ज्यांच्यावर आहे, त्यांच्यावर माझाही आहे. शेव्हर्लेचे 5.7 लिटरचे आठ सिलिंडरचे ‘व्ही-एट’ इंजिन किंवा त्याच घराण्यातले 1997 नंतरचे ‘एलएस’ कुळातले इंजिन जुन्या पिकअपमध्ये उतरवायचे, ताकद दुप्पट-तिप्पट करायची आणि ब्रेक मात्र आजोबांच्या काळातले ठेवायचे, असे महाभाग इथे उदंड आहेत. मिशिगनमध्ये गाड्यांची ठरावीक काळाने होणारी सक्तीची तांत्रिक तपासणी नाही, त्यामुळे त्यांना अडवणारेही कोणी नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर 1995 पासून भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या जत्रेत अशी धूडे डौलाने फिरतात. नव्या पत्र्यावर जुना गंज रंगवून घेणारेही तिथे भेटतात. त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे. पण त्यांच्या निमित्ताने सगळ्याच बदलांना एका दोरीत बांधणे अन्यायाचे आहे. माझी कसोटी साधी आहे: गाडी जेवढी पळू शकते तेवढी थांबू शकते का, आणि केलेला बदल पुढच्या मालकाला उलटवता येतो का? म्हणूनच पोलिसांच्या ताफ्यातून निवृत्त झालेल्या फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया मोटारीचा पुढचा सांगाडा एफ-100 ला जोडण्याची इथली लोकप्रिय पद्धत मी टाळली, कारण त्यासाठी मूळ चासीचा भाग कापावा लागतो आणि कापलेली चासी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

हा विषय महाराष्ट्रातील वाचकांना दूरचा वाटू नये. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत शिवडीला शेव्हर्ले गाड्यांची जुळणी केली आणि पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज व प्लिमथ तयार झाल्या. त्यांतल्या काही आजही फिरत्या आहेत. केंद्र सरकारच्या जुलै 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते, ती मूळ रूपात असावी लागते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. या यादीत ब्रेकचे नाव नाही. मात्र ‘मूळ रूप’ या दोन शब्दांचा अर्थ तपासणारा अधिकारी कसा लावील याच्या धास्तीने एखादा मालक दुहेरी मास्टर सिलिंडर किंवा सीटबेल्ट बसवायचे टाळत असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. ब्रेक, बेल्ट, दिवे आणि इंधनाच्या नळ्या यांतील सुधारणा मूळ रूपाला बाधक मानल्या जाणार नाहीत, एवढे एक स्पष्टीकरण परिवहन खात्याने द्यावे. नळ्यांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण भारतात आता वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनवलेलेच नव्हते. ते फुगते, चिरते आणि तापलेल्या इंजिनावर गळू लागते.

आपल्या लेखकांना एक विनंती आहे. मुंबईतील जुन्या मोटारींच्या पुढच्या फेरीत त्यांनी मालकांना रंगाचा मूळ क्रमांक जरूर विचारावा, पण त्याबरोबर ब्रेकची नळी शेवटची कधी बदलली हेही विचारावे आणि मिळालेली उत्तरे पुरवणीत छापावीत.

आपला नम्र,
एक मराठी वाचक
ट्रॉय, मिशिगन