ब्रह्मदेशच्या आकाशात आपलीही विमाने होती

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश मोहिमेवरचा लेख वाचला. इम्फाळचा वेढा, डकोटा मालवाहू विमानांनी पोहोचवलेली रसद, सगळे सविस्तर आले आहे. पण विमानांचा विषय निघाला की फक्त इंग्रज आणि अमेरिकन! हवाई दलात फिटर म्हणून उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून गप्प बसवेना.

फेब्रुवारी १९४२ मध्ये हिंदी (म्हणजे तेव्हाच्या भारतीय) हवाई दलाची क्रमांक एकची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, ब्रह्मदेशातल्या टौंगूच्या तळावर पोहोचली, ती लायसँडर विमाने घेऊन. पोटात न जाणारी चाके, वेग बेताचा, काम लष्करासाठी टेहळणीचे. ती मुंबईच्या युद्धनिधीतून मिळाली होती, आणि आपला रत्नागिरी जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जपान्यांनी तळावर बॉम्ब टाकले. स्क्वाड्रन लीडर करुणकृष्ण मजुमदार यांनी आपल्या लायसँडरला अडीचशे पौंडी दोन बॉम्ब लावून घेतले आणि सयाममधल्या (आजच्या थायलंडमधल्या) मे हाँग सॉनच्या धावपट्टीवर ते एकटे निघाले. तेव्हा दोन बफेलो लढाऊ विमाने आपणहून त्यांच्या सोबतीला गेली. मजुमदार अगदी खालून उडत गेले, बॉम्ब टाकून सुखरूप परतले आणि लगेच दुसऱ्या दिवशी सगळी स्क्वाड्रन घेऊन पुन्हा गेले. टेहळणीच्या विमानांना रातोरात बॉम्ब लावून द्यायचे म्हणजे तळावरच्या माणसांनी काय कष्ट उपसले असतील, ते ज्याने हातात पाना धरलाय त्यालाच कळेल.

१९४४ मध्ये हीच स्क्वाड्रन हरिकेन लढाऊ विमाने घेऊन अर्जन सिंग यांच्या हाताखाली इम्फाळला होती. ब्रह्मदेशच्या किनाऱ्यालगतच्या आराकानात मेहर सिंग यांची सहावी स्क्वाड्रन जोडीजोडीने उडायची. एकाने खाली शत्रू हुडकायचा, फोटो काढायचे, दुसऱ्याने मागे राहून आकाश राखायचे.

ही इंग्रजांची चाकरी होती, असे काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. १९४८ मध्ये हिमालय ओलांडून लेहला पहिला डकोटा उतरवला तो याच मेहर सिंगांनी. १९६५ च्या युद्धात हवाई दलप्रमुख होते ते हेच अर्जन सिंग. यातले बरेच ते ब्रह्मदेशात शिकून आले होते.

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी जिथे नजरकैदेत ठेवले, त्या थिबा राजवाड्यासमोरून रोज ये-जा करणाऱ्या आम्हा रत्नागिरीकरांना ब्रह्मदेश परका नाही. मराठा पलटणींतून तिकडे गेलेल्यांची नावे खेड-मंडणगडकडच्या घरांत अजून घेतली जातात. त्यांच्या डोक्यावरून उडणाऱ्यांत आपलेही होते, हे मात्र आमच्या नातवंडांना कुणी सांगितलेले नाही.

८ ऑक्टोबरला वायुसेना दिन आहे. त्या दिवशी या दोन्ही स्क्वाड्रनवर एक पान द्यावे, आणि त्यात वैमानिकांबरोबर फिटर, रिगर, आर्मरर (विमानाचे इंजिन, सांगाडा आणि शस्त्रे सांभाळणारे कारागीर) यांनाही जागा असावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त वायुसैनिक, मिऱ्या, रत्नागिरी