घाट रुंद नको, थांबायला जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यातले शनिवार-रविवार आले की चिखलदऱ्याच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा लागतात आणि घाट रुंद करा, असं लोक म्हणू लागतात. ही मागणी मान्य होऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

मी नागपूरहून चिखलदऱ्याला जातो तो पॉइंट बघायला कमी आणि घाटात गाडी चालवायला जास्त. आपण सपाटीवरची माणसं. शिवमडक्याला समृद्धीवर चढलं की ताशी 120 ची मुभा. वेळ वाचतो, पण हातापायांना काही कामच उरत नाही. अमरावतीचा चौपदरी रस्ताही तसाच. परतवाडा मागे पडून सातपुड्याची चढण लागली की मात्र गाडी खरोखर चालवावी लागते. तिसरा गिअर, दुसरा, पुन्हा तिसरा. वळणाच्या आधीच वेग उतरवायचा, आपली बाजू सोडायची नाही, हॉर्न द्यायचा आणि कान उघडे ठेवायचे. चिखलदरा सुमारे 1100 मीटर उंचीवर आहे. एसी बंद करून काचा खाली घेतल्या की भिजलेल्या सागवनाचा वास आत येतो, आणि वर वर जाताना एखाद्या वळणावर ढगच रस्त्यात उतरलेला असतो. मग दिवे लावून पायी चालल्यासारखं पुढे सरकायचं. रस्ता अरुंद आणि नागमोडी आहे, म्हणूनच ही मजा आहे.

खोळंबा कुठे होतो ते बघा. धबधबा दिसला की ऐन वळणावर गाडी उभी. दारं रस्त्याच्या बाजूने सताड उघडी, लेकरं डांबरावर, मोठी माणसं फोटोत. तेवढ्यात वरून एसटी येते. चालक खिडकीतून हात काढून खालच्यांना थांबवतो, बस इंचाइंचाने वळवतो, आणि तोवर दोन्हीकडे रांग लागलेली असते. उद्या रस्ता रुंद झाला तर एकाऐवजी दोन रांगांत गाड्या उभ्या राहतील आणि उरलेले सुसाट सुटतील. हा मेळघाट आहे, 1974 पासूनचा व्याघ्र प्रकल्प. वळणापलीकडे कोरकू गुराख्याची गुरं असतात, कधी रानगवाही असतो. शिवाय डोंगर कापला की उघडी पडलेली माती पावसात खाली येणारच.

त्यापेक्षा सार्वजनिक बांधकाम विभागाने जिथे समोरचं लांबून दिसतं अशा सरळ तुकड्यांवर, कठडा घालून, चार-पाच गाड्या मावतील असे थांबे करावेत. आंधळ्या वळणांवर बहिर्गोल आरसे बसवावेत, धुक्यात चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात आणि वळणावर गाडी लावणाऱ्याला दंड करावा.

आणखी एक. आपल्याकडे गाडी शिकणाऱ्याला घाट दिसतच नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने आधी वाट द्यायची, हा कायद्यातलाच नियम आहे. तो किती जणांना ठाऊक असतो? उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे आणि सतत ब्रेक दाबून ते तापवणारे मी दर वेळी बघतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, एवढं तरी नागपुरातल्या ड्रायव्हिंग स्कूलांनी प्रत्येकाला शिकवावं.

थांबे आणि आरसे हे काही मोठ्या खर्चाचं काम नाही. येत्या पावसाळ्याआधी परतवाडा ते चिखलदरा या टप्प्यात ते व्हावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक
त्रिमूर्तीनगर, नागपूर