माळ्यावरचे उदमांजर आणि पिंजऱ्याचा उपाय

महोदय,

घराच्या माळ्यावर किंवा फ्लॅटच्या पीओपी छतात शिरलेले उदमांजर पिंजरा लावून पकडले आणि दूर जंगलात नेऊन सोडले, अशा बातम्या आपल्यासह सर्वच दैनिकांत वरचेवर वाचायला मिळतात आणि त्यांच्या मथळ्यात ‘जीवदान’ हा शब्द बहुधा ठरलेला असतो. पिंजऱ्यामागे उभ्या राहून छायाचित्र काढणाऱ्या मंडळींच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. परंतु या पद्धतीने घरमालकाचा त्रास संपत नाही आणि पुष्कळदा प्राण्याचा जीवही वाचत नाही, म्हणून हे पत्र.

उदमांजर दिवसा झाडाच्या ढोलीत झोपते आणि रात्री खाण्यासाठी बाहेर पडते. ढोली असलेली जुनी आंबा-फणसाची झाडे तुटत गेली की त्याला कौलांखालची अंधारी, कोरडी जागा सोयीची वाटते आणि विणीच्या वेळी मादीला तर ती फारच पसंत पडते. माळ्यावर उंदीर फिरतो तेव्हा खुडबुड ऐकू येते. उदमांजर चालले की चांगली धडधड होते. तक्तपोशीवर मुताचे डाग पडतात, एका ठरावीक कोपऱ्यात विष्ठा साठते आणि तिच्यात चिकू, जांभूळ किंवा भेरली माडाच्या बिया अख्ख्या दिसतात. कधी कधी सुवासिक तांदूळ शिजत असावा तसा वास येतो, तो याच प्राण्याच्या ग्रंथींचा. (ज्यांनी तो वास घेतला आहे त्यांना ‘दुर्गंधी पसरवणारे जनावर’ हे वर्णन वाचून हसू येईल, साठलेल्या मुताची गोष्ट मात्र वेगळी.) उंदीर खाणारा आणि फळझाडांच्या बिया रानभर पेरणारा हा प्राणी निरुपद्रवी आहे, तरी तो डोक्यावर नांदावा असे कोणालाही वाटणार नाही. घरमालकाची तक्रार खरीच आहे.

प्रश्न उपायाचा आहे. पकडलेली मादी वीस-तीस किलोमीटरवर सोडली आणि तिची पिल्ले माळ्यावरच राहिली, तर ती उपाशी मरतात आणि चार-पाच दिवसांत त्याच घरात खरी दुर्गंधी सुटते. पिल्ले नसली तरी आत येण्याची वाट उघडीच असल्यामुळे रिकाम्या जागी दुसरे उदमांजर येते. परक्या रानात सोडलेल्या प्राण्याला तेथे खाणे कोठे, लपायचे कोठे याची काहीच माहिती नसते आणि तेथील उदमांजरांशी झुंजावे लागते ते वेगळेच. उत्तर अमेरिकेत पोटमाळ्यात रॅकून नावाचा रानटी प्राणी शिरण्याचा उपद्रव मोठा आहे. तेथेही कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात पकडलेला रॅकून एक किलोमीटरच्या आतच सोडावा, असा नियम आहे. दूर नेऊन सोडल्याने रोग पसरतात आणि बरेच प्राणी जगत नाहीत, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील ‘शिकार’ या संज्ञेत सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते, त्यामुळे परवानगीविना कोणी हौशी माणसाने पिंजरा लावणे हा गुन्हाच ठरतो.

उपाय मुळात गवंड्याचा आणि शाकारणी करणाऱ्याचा आहे. वळचणीला भिंत आणि कौले यांच्यामध्ये राहिलेली फट, सरकलेला कोना, एसीच्या नळीसाठी पाडलेले आणि न बुजवलेले भोक, यांपैकी प्राणी नेमका कोठून ये-जा करतो ते आधी शोधावे. संशयित भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबून ठेवला की काम सोपे होते, कारण आत कोणी असेल तर तो रात्रीतून ढकलला जातो. भोकाच्या तोंडाशी पीठ भुरभुरले तर पाच बोटांचा पंजा उमटतो. मांजराच्या ठशात चारच बोटे दिसतात. त्यानंतर माळ्यावर पिल्ले आहेत का, हे बॅटरीच्या उजेडात लांबूनच पाहावे. पिल्ले असतील तर ती आईमागे बाहेर पडू लागेपर्यंत दोन-तीन महिने कळ काढावी लागते आणि यातच बहुतेकांचा धीर सुटतो. पिल्ले नसल्याची खात्री झाली की भोकावर वरच्या बाजूने बिजागरी लावलेले, फक्त बाहेरच उघडणारे जाळीचे झडप बसवावे आणि काही रात्री आवाज आला नाही म्हणजे तेथे पक्की वेल्डमेश, म्हणजे जाड तारांची जाळी, ठोकावी. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी कामाची नाही. छपरावर झुकलेल्या फांद्या छाटल्याखेरीज हे सारे अर्धवटच राहते. धूर करणे, फटाके लावणे किंवा उंदराचे औषध ठेवणे हे प्रकार मात्र कोणी करू नयेत. वाशांना आग लागण्याचा धोका आणि छतात सडणारे मेलेले जनावर, एवढेच त्यातून पदरी पडते. साफसफाई करताना विष्ठा आधी ओली करून तोंडावर मास्क बांधावा. चावा बसल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी.

वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन केल्यास माणूस येतो, परंतु घरमालकाचा आग्रह ‘घेऊन जा’ एवढाच असतो आणि त्या आग्रहापुढे कर्मचारीही नमतात. म्हणून वरील सूचनांचे एक साधे मराठी पत्रक विभागाने काढून ते शाकारणीच्या दिवसांआधी, म्हणजे मार्चपर्यंत, कोकणातील ग्रामपंचायतींत आणि शहरांतील गृहनिर्माण संस्थांत पोहोचवावे. आपल्या वार्ताहरांनीही पिंजऱ्याची पुढची बातमी लिहिताना माळ्यावर पिल्ले होती का आणि भोक बुजवले का, हे दोन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चिपळूण